व्हिएन्नात क्रूझचा एक दिवस: जहाजाची सहल घ्यावी की आपले आपण फिरावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पासाऊहून बुडापेस्टला जाणारी डॅन्यूब क्रूझ आहे, जहाज सकाळी ८ ला व्हिएन्नाला लागणार आणि रात्री ११ ला सुटणार. बरोबर पत्नी, नऊ वर्षांची मुलगी आणि सत्तरीतले आईबाबा आहेत. आईंचे गुडघे दुखतात आणि दोघेही पक्के शाकाहारी आहेत. सकाळची शहरदर्शनाची सहल पॅकेजात आहे, दुपारच्या शॉनब्रुन राजवाड्याच्या सहलीचे पैसे वेगळे. ती घ्यावी की स्वतः जावे? आणि शॉनब्रुन, हॉफबुर्ग हा शहरातला जुना राजवाडा, सेंट स्टीफन कॅथीड्रल, एखादे म्युझियम, प्राटर या करमणूक-बागेतला मोठा पाळणा आणि थोडी खरेदी एवढे सगळे एका दिवसात होईल का?

आधी शेवटचा भाग घेतो. सगळे होणार नाही, आणि तसा हट्ट धरला तर एक ना धड भाराभर चिंध्या अशी गत होते. पण तुमची खरी अडचण ‘जहाजाची सहल की स्वतः’ ही नाही. खरी अडचण दुपारच्या जेवणाची आहे. सहलींची आखणी करताना मी सगळ्यात आधी तेच बघतो.

कागदावर तुमच्याकडे १५ तास दिसतात. जहाजावर जेवण साधारण साडेबाराला वाढतात. सकाळची सहल संपली की बस सगळ्यांना जेवायला जहाजावर परत आणते. समजा तुम्ही १२ ला कॅथीड्रलच्या चौकातून निघालात. जहाजावर पोचायला पाऊणच्या आसपास होते, जेवण सावकाश पावणेदोनपर्यंत चालते, आणि पुन्हा शहरात यायला अडीच. दिवसाच्या ऐन मध्यावरचे अडीच तास गेले, शिवाय आईंच्या वाट्याला दोन जास्तीच्या फेऱ्या आल्या. म्हणून माझा सल्ला असा की त्या दिवशी दुपारी जहाजावर परतूच नका. जेवणाचे पैसे आधीच भरलेत, मन मानत नाही, हे कळते. पण व्हिएन्नातल्या एका दुपारचे मोल त्या जेवणाहून जास्त आहे. अपवाद एकच. आईंना दुपारी तासभर आडवे पडावेच लागत असेल तर परत जा, निवांत दोन तास घ्या, आणि दुपारनंतर शहराच्या आतल्याच भागात फिरा. अशा वेळी शॉनब्रुन सोडून द्यायचे.

जहाज शहरापासून एवढे लांब का थांबते, हेही समजून घ्या, कारण लोक इथेच चुकतात. व्हिएन्नाच्या जुन्या शहराला लागून जे पाणी वाहते तो डॅन्यूब कालवा आहे, मुख्य नदी नव्हे. पुरांना आवर घालण्यासाठी १८७० ते १८७५ या काळात डॅन्यूबला नवा सरळ मार्ग खोदून दिला गेला आणि मोठी नदी शहराच्या ईशान्येला गेली. क्रूझची जहाजे या मोठ्या नदीवर लागतात, बहुतेक करून राइश्सब्रुके पुलापाशी, हांडेल्सकाय नावाच्या रस्त्याच्या काठाने. कालव्यावर, श्वेडनप्लाट्झला, आणखी एक बोटींचा धक्का आहे. तिथून ब्रातिस्लावाच्या जलद बोटी आणि छोट्या फेऱ्यांच्या बोटी सुटतात. टॅक्सीवाल्याला नुसते ‘जहाजाच्या धक्क्यावर’ म्हणालात तर तो तुम्हाला तिकडे नेऊन सोडू शकतो. पत्ता सांगताना ‘हांडेल्सकाय २६५, राइश्सब्रुके’ असाच सांगा. काही जहाजे उत्तरेला नुसडॉर्फलाही लागतात. कुठे लागणार हे आदल्या संध्याकाळी रिसेप्शनवर विचारा, कारण पाण्याची पातळी आणि धक्क्यावरची गर्दी यांमुळे जागा आयत्या वेळीही बदलते.

त्याच वेळी आणखी एक विचारा: शेजारी दुसरे जहाज लागणार आहे का? हंगामात दोन-तीन जहाजे एकमेकांना चिकटून उभी करतात आणि बाहेरच्या जहाजावरचे प्रवासी आतल्या जहाजातून चालत काठावर येतात. लॉबी समोरासमोर आल्या तर काही त्रास नाही. पण कधीकधी वरच्या डेकवरून जावे लागते, म्हणजे एकदा जिना चढा आणि पलीकडे उतरा. आईंसाठी त्याला दहा मिनिटे जास्तीची धरा.

राइश्सब्रुकेपासून शहरात जाणे सोपे आहे. काठावर आलात की नदीकडे पाठ करा. पुलाच्या शेजारी लाल टोकदार मनोऱ्यांचे एक मोठे चर्च दिसेल, मेक्सिकोप्लाट्झचे. ती तुमची जाता-येतानाची खूण. हांडेल्सकाय वाहता रस्ता आहे, सिग्नलवरच ओलांडा. चर्चला डावीकडे ठेवून लासालश्ट्रासे या रुंद रस्त्याने गेलात की फोरगार्टनश्ट्रासे हे मेट्रोचे स्टेशन येते. पुलापासून चांगल्या चालीने आठ-दहा मिनिटे लागतात, आईंबरोबर पंधरा धरा. धक्का बराच लांबलचक आहे, तेव्हा जहाज पुलापासून दूर लागले असेल तर आणखी पाच-सात मिनिटे. स्टेशनात लिफ्ट आहे. तिथून यू१ ही लाल मार्गिका, ओबरलाच्या दिशेने, चौथे स्टेशन श्टेफान्सप्लाट्झ. गाडीत जेमतेम आठ मिनिटे. परत येताना हीच मार्गिका, दिशा लेओपोल्डाउ. नुसडॉर्फला लागलात तर डी ट्राम घ्या. ती थेट जुन्या शहराभोवतीच्या रिंग रस्त्यावर येते आणि संसद, म्युझियमे, ऑपेरा यांच्या दारातून जाते.

तिकीट २४ तासांचे काढा, मेट्रो, ट्राम आणि बस तिन्हींत चालते. मशीनवर इंग्रजी पर्याय असतो. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, तुमच्या मुलीला लागेल. तिच्यासाठी एकेरी प्रवासाचे सवलतीचे तिकीट मिळते. कागदी तिकीट फलाटावर जाण्याआधी छोट्या निळ्या पेटीत घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यायचा असतो. आधीच शिक्का मारलेले तिकीट मशीनमधून आले असेल तर त्यावर तारीख-वेळ छापलेली दिसते. स्टेशनात फाटक नसते, त्यामुळे कुणी अडवत नाही आणि पेटीकडे लक्षही जात नाही. पण साध्या कपड्यांतले तपासनीस आले आणि तिकिटावर शिक्का नसला तर तिकीट असूनही माणशी १०० युरोंच्या वर दंड बसतो. ‘आम्ही पर्यटक आहोत’ हे तिथे चालत नाही.

आता सकाळची सहल. ती घ्या, पण निम्मीच. बस आधी रिंग रस्त्याने फिरवते आणि मग आतल्या शहरात पायी नेते. हा बसचा भाग आईंसाठी फार उपयोगाचा आहे. व्हिएन्नाला पूर्वी तटबंदी होती. १५२९ आणि १६८३ या दोन्ही वेळा उस्मानी (तुर्की) फौजा याच तटाला येऊन भिडल्या. सम्राट फ्रांझ योसेफने १८५७ मध्ये तो तट पाडायचा हुकूम काढला आणि त्या जागेवर सुमारे सव्वापाच किलोमीटरचा राजमार्ग झाला. ऑपेरा, संसद, टाउन हॉल, विद्यापीठ, दोन जुळी म्युझियमे, सगळे त्याच रस्त्यावर ओळीने उभे आहे. हे सगळे ट्रामने बघू म्हणाल तर आता एकही नेहमीची ट्राम पूर्ण फेरी मारत नाही, मध्ये बदलावी लागते. बसमध्ये बसल्या जागी, निवेदनासह, अर्ध्या-पाऊण तासात होते. पायी चालण्यासाठी बहुतेक जहाजांवर ‘सावकाश चालणाऱ्यांचा’ वेगळा गट करतात. आदल्या दिवशी त्यात पाचही नावे घाला. मुलीला तो वेग कंटाळवाणा वाटेल, पण आईंना दमवून सुरुवात केलीत तर दुपारी दोन वाजताच दिवस संपेल.

पायी सहल कॅथीड्रलच्या चौकाशी आली की गट सोडायचा. हे गाइडला सकाळी बसमध्ये चढतानाच सांगा आणि निघताना पुन्हा सांगा, नाहीतर तो डोकी मोजत उभा राहतो आणि अख्खी बस तुमच्यासाठी खोळंबते. गाइडचा आवाज ऐकण्यासाठी कानात लावायला दिलेले यंत्र त्याच्याकडे देणार की संध्याकाळी स्वतः परत करणार, तेही तिथेच ठरवा.

कॅथीड्रलमध्ये मागचा भाग विनामूल्य आहे. त्यासमोरच्या मुख्य दालनाला तिकीट लागते, आणि रविवारी सकाळी प्रार्थना चालू असताना तिथे हिंडता येत नाही. वर जायचे दोन मार्ग आहेत आणि लोक हमखास चुकीच्या रांगेत उभे राहतात. दक्षिणेचा मनोरा १३६ मीटर उंच, ३४३ पायऱ्या, गोल अरुंद जिना, लिफ्ट नाही. उत्तरेच्या अपुऱ्या राहिलेल्या मनोऱ्याला लिफ्ट आहे. तुम्ही उत्तरेचाच घ्या. तिथे पुमेरिन ही सुमारे २० टनांची घंटा आहे. मूळ घंटा १७११ मध्ये उस्मानी फौजेने मागे टाकलेल्या तोफांच्या धातूतून ओतली होती. १९४५ च्या आगीत ती कोसळून फुटली आणि तिच्याच धातूतून आजची घडवली. वरून छताची रंगीत कौले अगदी हाताशी दिसतात, हिरव्या-पिवळ्या नागमोडी पट्ट्यांची. खाली चौकात उभे राहून ती नक्षी एवढी कळत नाही.

जेवणाबद्दल जरा सविस्तर, कारण शाकाहारी माणूस व्हिएन्नात नावांना फसतो. ‘फ्रिटाटनझुपे’ म्हणजे धिरड्याच्या पट्ट्या घातलेले सूप. दिसायला निरुपद्रवी, पण पाणी गोमांसाचे. इथल्या जुन्या पद्धतीच्या खानावळींत बहुतेक स्वच्छ पातळ सुपे अशीच असतात, तेव्हा सूप विचारल्याशिवाय नकोच. ‘केझेक्राइनर’ या नावात चीज आहे, पण तो चीज भरलेला डुकराच्या मांसाचा सॉसेज आहे. ‘श्पेक’ हा शब्द कुठेही दिसला की समजा डुकराचे मांस आहे. ‘क्नोडेल’ म्हणजे उकडलेले गोळे, त्यांत कधी श्पेक असते, कधी नसते. खाण्यासारखे काय, तर ‘केझेश्पेट्स्ले’ (चीजमध्ये घोळलेल्या पिठाच्या छोट्या शेवया, वर तळलेला कांदा, मात्र पिठात अंडे असते), भाज्यांचा श्ट्रुडेल, बटाट्याचे थालीपीठवजा ‘कार्टोफेलपुफर’ (यातही बहुधा अंडे). आईबाबा अंडे खात नसतील तर ‘ओने आय’ म्हणजे अंड्याशिवाय, ‘ओने फ्लाइश’ म्हणजे मांसाशिवाय, हे चार शब्द फोनवर लिहून ठेवा आणि वेटरला दाखवा. सगळ्यात बिनधास्त पर्याय फलाफल आणि हुमुसचा. नाश्मार्क्ट या बाजारात ते भरपूर मिळते, पण रविवारी तो बाजार बंद असतो. जहाजाच्या नाश्त्यातली फळे आणि घरून आणलेला खाकरा-चिवडा पिशवीत असू द्या. त्यात कमीपणा काहीच नाही.

पाणी विकत घेऊ नका. १८७३ पासून शहराला आल्प्समधल्या झऱ्यांचे पाणी नळाने येते. नळाचे आणि रस्त्यावरच्या पिण्याच्या कारंज्यांचे पाणी बेलाशक प्या. स्वच्छतागृहांसाठी ५० सेंटची नाणी जवळ ठेवा. कॉफीहाउसमध्ये बसलात तर घाई करू नका, इथे एका कपावर तासभर बसणे हा ग्राहकाचा हक्कच मानतात. पण बिल आपणहून येत नाही. ‘त्साहलेन, बिटं’ म्हणावे लागते. ते म्हटल्यावरही दहा मिनिटे जातात, तेवढी हिशोबात धरा.

जेवणानंतर ग्राबेन, कोलमार्क्ट, मिखाएलरप्लाट्झ, हॉफबुर्गची कमान, हेल्डनप्लाट्झ आणि रिंग ओलांडून जुळी म्युझियमे, असे चाला. सव्वा किलोमीटरच्या आतबाहेर अंतर आहे, जवळपास सपाट, आणि ग्राबेन-कोलमार्क्टवर मोटारींचा त्रास नाही. दगडी फरशी मात्र गुडघ्यांना टोचते, जाड तळाचे बूट हवेत. ग्राबेनवरचा ढगांसारखा उसळलेला स्तंभ १६७९ च्या प्लेगनंतरचा आहे, १६९३ मध्ये पुरा झाला. मिखाएलरप्लाट्झच्या मध्यात जमीन उघडी ठेवली आहे. कठड्याला टेकून खाली पाहा, रोमन काळातल्या विंडोबोना या वस्तीच्या भिंती दिसतात. मुलीला इथे थांबवा, दोन हजार वर्षांचे शहर एका नजरेत कळते. आई दमल्या तर हेल्डनप्लाट्झशेजारच्या फोल्क्सगार्टनमध्ये बाके आहेत.

आता शॉनब्रुन की म्युझियम. माझा नियम असा की एका दिवसात एकच मोठी वास्तू आतून बघायची.

शॉनब्रुनमध्ये १,४४१ खोल्या आहेत, त्यांतल्या सुमारे ४० लोकांना दाखवतात. तिकिटावर प्रवेशाची वेळ छापलेली असते. हंगामात दारावर गेलात तर दोन-तीन तासांनंतरची वेळ मिळू शकते, म्हणून ऑनलाइन आधीच घ्यायचे. जहाजाच्या सहलीत ही कटकट नसते आणि बस दारापाशी नेते, हा तिचा मोठा फायदा. तोटा असा की ती जेवणानंतर जहाजावरूनच निघते, म्हणजे पुन्हा तोच अडीच तासांचा प्रश्न. शिवाय बागेला उरतात पंधरा-वीस मिनिटे. स्वतः जाणार असाल तर श्टेफान्सप्लाट्झहून यू१ ने कार्ल्सप्लाट्झ, तिथून यू४, हुटेलडॉर्फच्या दिशेने, सहावे स्टेशन. दारापर्यंत पाऊण तास धरा. आत खोल्यांमधून सलग उभ्यानेच जावे लागते, बसायला जागा फारशी नाही. बाग विनामूल्य आणि सुंदर आहे, पण तिथली ग्लोरिएट ही कमानींची इमारत टेकडीवर आहे. आईंनी तिकडे जाऊ नये. हंगामात बागेत छोटी पर्यटक-गाडी फिरते, ती घ्यावी.

याउलट रिंगवरच्या जुळ्या म्युझियमांपैकी कुन्स्टहिस्टोरिशेस हे कलेचे म्युझियम चालण्याच्या वाटेवरच येते, तिथे लिफ्ट आहे आणि दालनांमध्ये बसायला गुबगुबीत कोच आहेत. सोळाव्या शतकातला चित्रकार पीटर ब्रॉइगल याची जगातली सगळ्यात जास्त चित्रे एकाच दालनात आहेत. ‘बाबेलचा मनोरा’ (१५६३) मुलीसमोर धरा आणि त्यात यारी कुठे आहे, दगड कोण घडवतोय, हे शोधायला सांगा. अर्धा तास सहज जातो. तुमच्या मंडळींसाठी मी हेच निवडेन. आईबाबांना राजवाडाच बघायचा आहे, त्यासाठीच ते आले आहेत, असे असेल तर शॉनब्रुन घ्या आणि म्युझियमचा विचार सोडा. वारही बघा. जून ते ऑगस्ट सोडून हे म्युझियम सोमवारी बंद असते, शॉनब्रुन रोज उघडे असते. तुमचा सोमवार असेल तर प्रश्न आपोआप सुटला.

घड्याळात बसवले तर ९ ला बस, साडेअकराला गट सोडून मनोरा, साडेबारा ते पावणेदोन जेवण, ३ पर्यंत हॉफबुर्गमार्गे म्युझियम, ५ ला बाहेर. फोल्क्सथेआटरहून यू३ ने श्टेफान्सप्लाट्झ आणि तिथे यू१. प्राटरचा पाळणा वाकडी वाट करून बघायचा नाही, तो परतीच्या मार्गावरच आहे. प्राटरश्टेर्न हे जहाजाच्या स्टेशनाच्या अलीकडचेच स्टेशन. हा पाळणा १८९७ चा, ६५ मीटर उंच, आणि पाळण्यांऐवजी लाकडी डबे आहेत, त्यामुळे आईबाबाही आरामात बसू शकतात. फेरी पंधरा-वीस मिनिटांची. ७ ला जहाजावर जेवायला. नुसडॉर्फला लागलात तर मात्र पाळणा आडवाटेला जातो, मग सोडा.

खरेदीला वेगळा वेळ काढू नका. ग्राबेनवर चालतानाच काय ते घ्या. रविवारी दुकाने बंद असतात, पण प्राटरश्टेर्न स्टेशनातले सुपरमार्केट उघडे असते. गुलाबी पुड्यातल्या हेझलनटच्या मानर वेफर्स तिथे मिळतात, आणि साध्या वेफर्समध्ये अंडे-दूधही नसते. एका दुकानात ७५ युरोंच्या वर खरेदी झाली तर करपरताव्याचा फॉर्म मागा. त्यावर शिक्का युरोपीय संघ सोडताना, म्हणजे बुडापेस्ट विमानतळावर घ्यायचा, सामान चेक-इनला देण्याआधी.

रात्रीची संगीत मैफल या दिवसाला जोडू नका, परतायला साडेदहा होतात आणि मुलगी खुर्चीतच झोपेल. घ्यायचीच असेल तर जहाजामार्फत घ्या. कॅथीड्रल आणि ऑपेराबाहेर मोझार्टच्या वेषात तिकिटे विकणाऱ्यांकडून नको. तुम्हाला सभागृह कुठले आणि जागा कुठली हे पैसे दिल्यावर कळते.

शेवटी जहाज चुकण्याची भीती. ‘रात्री ११’ ही सुटण्याची वेळ, परतायची वेळ त्याआधी अर्धा तास असते आणि ती रोजच्या कार्यक्रमपत्रिकेवर छापलेली असते. त्याच पानावर धक्क्याचा पत्ता आणि जहाजाचा फोन नंबर असतो. सकाळी निघताना पाचही जणांनी, मुलीनेसुद्धा, त्या पानाचा फोटो नाहीतर झेरॉक्स जवळ ठेवावी. बाहेर जाताना रिसेप्शनवर प्रत्येकाचे कार्ड स्कॅन होते, परतल्यावर पुन्हा करायचे, नाहीतर तुम्ही बाहेरच आहात असे समजून शोधाशोध सुरू होते. पासपोर्ट बहुतेक जहाजे रिसेप्शनवर ठेवून घेतात. त्या दिवसापुरता निदान एका मोठ्या माणसाचा मागून घ्या, बाकीच्यांच्या प्रती असू द्या. उशीर होतोय असे वाटताच जहाजाला फोन करा, पाच-दहा मिनिटे थांबणे कधीकधी शक्य असते. आणि सुटलेच, तर पुढचा थांबा बहुधा ब्रातिस्लावा किंवा थेट बुडापेस्ट. दोन्हीकडे व्हिएन्नाच्या हाउप्टबानहोफहून, म्हणजे मुख्य रेल्वे स्टेशनावरून, गाड्या आहेत, ब्रातिस्लावाला सुमारे तासाभरात, बुडापेस्टला अडीच-पावणेतीन तासांत. यू१ याच स्टेशनाखालून जाते.